दहा बोटं

नोव्हेंबर आला की सरकारला माझी आठवण होते: हा हवालदार आहे की गेला? हयातीचा दाखला दिला नाही तर पेन्शन थांबते. म्हणून काल गेलो. यंत्रावर अंगठा ठेवला, लाल दिवा. तर्जनी, लाल. दहाही बोटं झाली. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "काका, तुमची बोटं पार गुळगुळीत झालीत."

होणारच. निम्मी झीज बोफोर्सच्या ४३ किलोच्या गोळ्यांनी केली, उरलेली हरिहर किल्ल्याने. त्या उभ्या पायऱ्यांना खोबण्या आहेत, त्यांत बोटं रोवल्याशिवाय माणूस वर जात नाही. मी महिन्यातून एकदा जातोच. बायको म्हणते, "पेन्शन बोटांवर आहे हे ठाऊक असून दगड चाचपत हिंडता!"

माझ्यामागे एक गृहस्थ होते, आधारवरचा पत्ता बदलायला आलेले. खिशाला दोन पेनं, चेहऱ्यावर उत्साह.

"मिलिटरीत होता वाटतं?"

"तोफखान्यात. ९९ ला द्रासला होतो."

"अरे वा! मग टायगर हिल चढलात?"

"नाही. आम्ही खालून तोफा डागत होतो."

त्यांचा चेहरा असा पडला की जणू मी त्यांना फसवून रांगेत पुढे उभा राहिलो होतो. "अच्छा. म्हणजे प्रत्यक्ष लढाईत नव्हतात."

समोरूनही गोळे येत होते हे सांगायला तोंड उघडलं, तोवर ते पुढे गेले होते. "बोफोर्सचा पल्ला किती, सांगा."

"साध्या गोळ्याने सपाटीवर २४ किलोमीटरच्या आसपास. डोंगरात हवा विरळ, तिथे जास्त."

"हवेचा काय संबंध? माझ्याकडे व्हिडिओ आहे." मग त्यांनी मला कारगिल समजावून दिलं. त्यांच्या युद्धात टायगर हिल आधी पडलं आणि तोलोलिंग नंतर. मी म्हटलं, "तोलोलिंग जूनमध्ये घेतलं. टायगर हिल ४ जुलैला."

"वयोमानाने होतं असं," ते समजुतीने म्हणाले आणि दुजोऱ्यासाठी काउंटरवरच्या पोराकडे वळले. पोरगा कारगिलनंतर जन्मलेला. त्याने मान डोलावली. निकाल दोन विरुद्ध एक.

मग चेहरा दाखवायचं ठरलं. पोराने मोबाइल नाकासमोर धरला आणि काहीतरी पुटपुटला. माझा डावा कान त्याच उन्हाळ्यात द्रासला गेला, त्यामुळे मी ताठ उभा राहिलो. देवळालीला शिकताना उस्तादाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, तोफ सुटताना डोळे मिटायचे नाहीत. "काका, पापण्या मिटा!" गृहस्थ माझ्या कानात ओरडले. मिटल्या. "आता उघडा! आता परत! अहो, लवकर लवकर!" रांगेतल्या आठ जणांसमोर मी बाहुलीसारखा डोळे मिचकावत होतो. तेवढ्यात सर्व्हर गेला.

आमच्या तोफेवरचा एक जण द्रासहून परतला नाही. त्याच्या बायकोलाही दरवर्षी नोव्हेंबरात ती जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागतं. भांडी घासून घासून तिचीही बोटं गेलीत. ती फोन करून विचारते, "भाऊजी, तुमचं झालं का?" यंदा काय सांगू?

"सोमवारी या," पोरगा म्हणाला. "तोवर बोटांना क्रीम लावा. आणि दगडाबिगडाला हात लावू नका." म्हणजे रविवारचं हरिहर बुडालं. हे घरी सांगायचं नाही असं ठरवून गेलो, पण बायकोने माझं तोंड बघितलं आणि न बोलता कोल्ड क्रीमची डबी पुढे सरकवली. लेक हसून हसून सोफ्यावर लोळली.

निघताना गृहस्थांनी आग्रहाने नंबर घेतला होता. रात्री त्यांचा व्हिडिओ आला, खाली एक ओळ: "बघा, उपयोगी पडेल." काय उपयोगी पडतंय ते बघावं म्हणून फोन उघडायला गेलो. अंगठा ठेवला. बोटं क्रीमने माखलेली. फोननेही ओळखलं नाही.