खोड नव्हे, उबळ

मावशीने परवा घरच्या ग्रुपवर एक फिरता मेसेज टाकला: 'चेहरा वेडावाकडा करण्याची खोड २१ दिवसांत मोडा'. खाली तिचा प्रश्न होता, "नातवासाठी करून बघू का रे?" नातू सात वर्षांचा. दोनेक महिने डोळे गच्च मिचकावतोय.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. ही नुसती खोड आहे आणि ती मोबाइलमुळे लागते. मूल मुद्दाम करतं, कारण खेळात रमलं किंवा झोपलं की थांबतं. मुळाशी भीती असते, ती काढली की सगळं जातं. तोवर घरच्यांनी दर वेळी टोकावं, वहीत आकडा मांडावा आणि मॅग्नेशियमची गोळी द्यावी. डॉक्टरची गरज नाही. शेवटी 'जित्याची खोड' ही म्हण आहेच.

मी चाळिशीचा आहे आणि नाक मुरडतो. अगदी शब्दशः. बॉस बोलत असताना, मुलाखतीत, कुणाच्या घरी जेवायला बसल्यावर. समोरच्याला वाटतं याला काहीतरी पटलं नाही. लहानपणी याच्या जोडीला उजवा डोळा मिटायचा, त्याचे अर्थ लोक काय लावायचे ते सांगत बसत नाही. तर मावशीला द्यायचं उत्तर इथेच लिहितो.

'ही नुसती खोड आहे.' नखं खाणं ही खोड. माझं जे होतं त्याला टिक म्हणतात: अचानक, झटक्यात, पुन्हापुन्हा होणारी आणि ताल नसलेली हालचाल. सुरुवात बहुधा चेहऱ्यापासूनच होते. डोळे, नाक, भुवया, ओठांचे कोपरे. साधारण चार ते सहा या वयात ती दिसू लागते, दहा-बाराच्या सुमारास सर्वांत जास्त असते आणि पुढे बऱ्याच जणांची ओसरते. माझी पूर्ण ओसरली नाही. मेंदूच्या आत खोलवर बेसल गँग्लिया नावाचे भाग असतात. त्यांच्या आणि मेंदूच्या बाहेरच्या थराच्या देवाणघेवाणीत, कुठली हालचाल सोडायची आणि कुठली अडवायची हे ठरतं. तिथे गडबड असते, आणि ती काही अंशी आनुवंशिक असते.

आतून कसं वाटतं ते सांगतो. चष्मा नाकावर टेकतो तिथे काहीतरी नीट बसलेलं नाही असं वाटू लागतं. चष्मा काढला तरी वाटतं, म्हणजे चष्मा नव्हे, कातडीच. नाक एकदा आवळलं की ते जागेवर बसतं. अर्ध्या मिनिटाने पुन्हा उठतं. खोकल्याची उबळ येते तशीच ही उबळ. खोकला थोडा वेळ दाबता येतो, म्हणून तो मुद्दाम काढलेला ठरत नाही. लहान मुलांना तर ही उबळ बऱ्याचदा ओळखताही येत नाही, ती समज आठ-दहा वर्षांच्या आसपास येते. "का करतोस?" या प्रश्नाला सात वर्षांचं पोर "माहीत नाही" म्हणतं, तेव्हा ते खरं बोलत असतं.

'मोबाइलमुळे लागते.' जॉर्ज जील द ला तुरेत या फ्रेंच डॉक्टरने अशा नऊ रुग्णांची नोंद १८८५ साली प्रसिद्ध केली. पुढे जाऊ.

'रमलं की थांबतं, म्हणजे नाटक आहे.' निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष नाही. लक्ष एखाद्या कामात पूर्ण गुंतलं की टिक्स कमी होतात, हे त्यांचं लक्षणच आहे. झोपेतही त्या खूप कमी होतात, पण झोपेच्या तपासण्यांमध्ये त्या झोपेतही टिपल्या गेल्या आहेत. झोपेत कोण कुणासाठी नाटक करेल? उलटा प्रकारही असतो. शाळेत दिवसभर ठीक असलेलं मूल घरी येऊन दप्तर टाकतं आणि तोंड वाकडं व्हायला लागतं. आईला वाटतं, हा मलाच दाखवायला करतोय. तसं काही नसतं. चार लोकांत धरून ठेवलेलं घरी सुटतं.

'भीती काढली की सगळं जातं.' या मुद्द्याशी मी सर्वांत जास्त वेळ घालवला आहे, कारण तो अर्धा खरा आहे. ताण आला की माझं नाक वेगाने चालतं, हे मी नाकारत नाही. स्कॉटिश गायक लुइस कॅपाल्डी याने आपल्याला तुरेत सिंड्रोम (वर आलेल्या फ्रेंच डॉक्टरच्या नावाने ओळखला जाणारा टिक्सचा विकार) असल्याचं २०२२मध्ये जाहीर केलं. २०२३च्या ग्लॅस्टनबरी महोत्सवात मंचावरच त्याच्या टिक्स वाढल्या, आवाजही बसला. तेव्हा समोरच्या गर्दीनेच गाणं पुरं केलं. पण ताण ही फुंकर आहे, निखारा वेगळा. आनंदाने, उत्सुकतेने, जागरणानेही टिक्स वाढतात. सहलीच्या आदल्या रात्री मुलाचे डोळे जास्त मिचकावतात, तिथे कसली भीती?

शिवाय टिक्स आपोआप कमी-जास्त होत राहतात. आठवडेच्या आठवडे गायब होतात, मग नवा प्रकार घेऊन येतात. म्हणूनच जो उपाय वाईट आठवड्यात सुरू केला जातो, तो लागू पडल्यासारखा वाटतो.

आणि बाण उलट्या दिशेनेही जातो. नाक मुरडलं, कुणी पाहिलं, मला घाम फुटला, पुन्हा नाक. चिंतेवर उपचार जरूर घ्यावेत, मीही घेतले. रात्रीची झोप सुधारली, मीटिंगची धास्ती कमी झाली, नाक थोडं शांत झालं. बंद झालं नाही, आणि ते बंद व्हायलाच हवं हा माझा हट्ट मात्र गेला.

'दर वेळी टोका, आकडा मांडा.' माझ्या लहानपणी घरात हेच चालायचं, फक्त वही नव्हती. "नाक!" एवढा एकच शब्द. तो ऐकला की सगळं लक्ष नाकावर जायचं आणि उबळ दुप्पट व्हायची. टिकविषयी बोलणं निघालं तरी ती वाढते. हे लिहितानाही ती चालूच आहे.

गंमत अशी, की खऱ्या उपचारातही टिककडे लक्ष द्यायला शिकवतात. पण लक्ष द्यायचं ते ज्याचं त्याने. १९७३मध्ये अ‍ॅझ्रिन आणि नन या मानसशास्त्रज्ञांनी मांडलेल्या पद्धतीतून पुढे सीबिट नावाची वर्तनोपचार पद्धत उभी राहिली. तिच्यात आधी उबळ ओळखायची. मग टिकच्या आड येईल अशी एक साधी हालचाल करायची आणि उबळ ओसरेपर्यंत किंवा मिनिटभर ती धरून ठेवायची. माझ्यासाठी ठरली ती अशी: वरचा ओठ किंचित खाली ओढायचा, ओठ हलके मिटायचे, श्वास सावकाश घ्यायचा. समोरच्याच्या लक्षातही येत नाही. डोळे मिचकावणाऱ्यांना बहुधा ठरावीक अंतराने सावकाश पापण्या मिटायला शिकवतात. सोबत टिक कुठे वाढते, तेव्हा आसपासचे काय म्हणतात, हेही तपासलं जातं. म्हणजे टोकणं बंद करणं हा उपचाराचाच भाग असतो.

९ ते १७ वयाच्या १२६ मुलांवरच्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१०मध्ये आले. दहा आठवड्यांनंतर सीबिट घेतलेल्यांपैकी ५२.५ टक्के मुलांत ठळक सुधारणा होती, नुसता धीर आणि माहिती मिळालेल्यांत १८.५ टक्के. जवळपास निम्म्यांना तेवढा फायदा झाला नाही, हेही त्याच आकड्यात आहे. 'दाबलं की दुप्पट उसळतं' ही धास्ती मात्र प्रयोगांत खरी ठरलेली नाही. दाबणं दमवतं, एवढं नक्की.

'२१ दिवस.' या आकड्याचं मूळ बहुधा मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६०च्या लिखाणात आहे. शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. आधीचाच चेहरा हलत असेल तर काय, यावर तो काही बोललेला नाही.

मॅग्नेशियम. टिक्ससाठी ठोस पुरावा नाही.

'डॉक्टरची गरज नाही.' लहान वयात नुकतीच सुरू झालेली, मुलाला त्रास न देणारी टिक असेल तर वाट पाहणं योग्यच. बऱ्याच टिक्स वर्षाच्या आत जातात. पण चेहऱ्यावरची प्रत्येक हालचाल टिक नसते. मुलांचे डोळे अ‍ॅलर्जीने, कोरडेपणाने, चष्म्याचा नंबर असल्यानेही मिचकावतात. मोठ्यांच्या पापणीचं नुसतं लवणं थकव्याने होतं आणि जातं. चेहऱ्याची एकच बाजू ओढली जात असेल, झोपेतही थांबत नसेल, तर चेहऱ्याच्या नसेवर रक्तवाहिनीचा दाब असू शकतो. पन्नाशीत दोन्ही डोळे आपोआप गच्च मिटू लागले, किंवा मनोविकारावरची वा उलटीवरची काही औषधं दीर्घकाळ घेतल्यावर तोंड-जीभ हलू लागली, तर तो वेगळाच मामला. हालचालींसोबत मूल भानावर नसेल तर थांबूच नये. टिक्सचा त्रास खूप असेल तर औषधंही आहेत, ती मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मनोविकारतज्ज्ञ ठरवतात.

मावशीने नातवाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. नंबर निघाला, चष्मा लागला. मिचकावणं थोडं कमी झालंय, गेलेलं नाही. तिने मेसेज वाचल्याबरोबर एक नवी वही आणली होती. तिच्या पहिल्या पानावर तारीख आणि '३८' लिहिलेलं आहे. पुढच्या पानांवर आता तो विमानं काढतो.