‘पिन कशाला, गोंद पुरे’: रेझिनच्या मावळ्यांबद्दल फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

दिवाळी महिन्यावर आली की किल्ल्याच्या तयारीसोबत एक मेसेज फिरू लागतो. यंदा मला तो चार ग्रुपवर आला. थोडक्यात असा: रेझिनची (द्रवातून घट्ट होणाऱ्या प्लास्टिकची) मूर्ती जोडायला पिनबिनची, म्हणजे जोडाच्या आत तारेचा तुकडा घालायची, भानगड नको. फेविक्विकचा थेंब, वर चिमूटभर खायचा सोडा, जन्मात सुटणार नाही. भोक पाडायचंच तर सुई तापवून पाडा. पॉलिश पेपरने कोरडंच घासा, तोंडाला रुमाल पुरे. आणि बोटं चिकटू नयेत म्हणून सुती हातमोजे घाला.

मी १२ वर्षं रेझिनचे छोटे पुतळे जोडतेय, रंगवतेय. शेवटची ओळ वाचून राहवेना, म्हणून आधी तीच घेते.

आपण सरसकट फेविक्विक म्हणतो तो गोंद सायनोॲक्रिलेट जातीचा. तो ओलाव्याने घट्ट होतो आणि घट्ट होताना उष्णता सोडतो. बोटावर थेंब पडला तर फारसं जाणवत नाही. तोच सुती कापडात झिरपला की धाग्याधाग्यावर पसरतो, एकदम घट्ट होतो आणि कापड चटका बसेल इतकं तापतं, कधी धूरही निघतो. गेल्या वर्षी आमच्या सोसायटीतल्या नववीतल्या मुलाचं हेच झालं. ट्यूब जरा जोरात दाबली गेली, गोंद मोज्यावर सांडला आणि मोजा काढेपर्यंत तर्जनीवर फोड. मोजा कातडीला चिकटलेला, त्यामुळे ओढताही येईना. नळाखाली हात धरून बसवलं त्याला, तो रडत होता आणि त्याची आई माझ्याकडे बघत होती. लोकर, कापूस, टिशू पेपर यांचंही तसंच. घालायचेच तर नायट्राइलचे (रबरासारखे) मोजे घाला. नुसती बोटं चिकटली तर घाबरू नका, कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून हळूहळू एकमेकांवर फिरवत सोडवा, खेचू नका. डोळ्यात गेलाच तर पाण्याने धुवायचं आणि थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. ॲसिटोन (नेलपॉलिश काढायचं द्रव) डोळ्याजवळ न्यायचं नाही.

आता ‘पिन नको’. हा गोंद सरळ ओढीला भक्कम आहे, हे खरं. पण आडव्या जोराला आणि धक्क्याला तो कच्चा, कारण घट्ट झाल्यावर ठिसूळ होतो. किल्ल्यावर मुलं मावळा उचलतात कुठे धरून? भाल्याला, नाहीतर तलवार उगारलेल्या हाताला. खांद्याचा जोड असतो जेमतेम ३ मिलिमीटरचा आणि त्यावर सगळा हात तरफेसारखा काम करतो. घोडा मागच्या दोन पायांवर उभा असेल तर स्वारासकट सगळा भार दोन घोट्यांवर. तिथे गोंदाच्या आत धातूचा कणा हवाच.

पद्धत अवघड नाही. आधी भाग कोमट साबणाच्या पाण्यात जुन्या टूथब्रशने धुऊन पूर्ण वाळवा. साच्यातून काढलेल्या रेझिनवर तेलकट थर असतो, त्यावर गोंद धरत नाही. मग एका बाजूला मधोमध भोक पाडायचं. हाताने फिरवायचा पिन व्हाइस (छोटं हातड्रिल) घ्या, वीजेचं ड्रिल नको. त्याच्या वेगाने रेझिन वितळतं आणि पातळ हात फुटतो. ०.८ किंवा १ मिलिमीटरचं बिट (भोक पाडायचं टोक), खोली ४-५ मिलिमीटर. दुसरी बाजू जुळवायला मला सगळ्यात भरवशाची वाटते ती रंगाची युक्ती: पहिल्या भोकाच्या तोंडाशी ओल्या रंगाचा ठिपका द्या, दोन्ही भाग जागच्या जागी टेकवा, समोर उमटलेल्या ठिपक्यावर बिट टेकवून तिथेही भोक पाडा. मग दोन्ही भोकांत गोंद लावून तारेचा तुकडा बसवा. बिट ज्या दिशेने बाहेर येऊ शकतं तिथे बोट ठेवू नका. तार कापताना चष्मा लावा आणि दोन्ही टोकं धरून कापा. कापलेला तुकडा उडून कुठे जातो ते दिसतही नाही.

तार पितळी घ्या. पुण्यात बोहरी आळीत चक्कर मारली की मिळते. कागदाची क्लिप चालते, पण आपल्या किल्ल्यावर अळीव पेरलेलं असतं, रोज पाणी शिंपडलं जातं, आणि लोखंडाला गंज धरतो. जड घोड्याला दोन ट्यूबांतून मिसळायचा इपॉक्सी गोंद वापरा आणि रात्रभर हलवू नका.

सोड्याचं म्हणाल तर त्यात तथ्य आहे. सोडा टाकला की गोंद क्षणात दगड होतो आणि फट भरायला मीही तो वापरते. पण दगड म्हणजे ठिसूळच. शिवाय तो आजूबाजूच्या रेझिनपेक्षा कडक होतो, घासताना रेझिन झिजतं आणि तो तसाच राहतो.

तापवलेली सुई मात्र पूर्ण चूक. साच्यातले पुतळे बहुतेक पॉलियुरेथेन या प्लास्टिकचे असतात. ते जळलं की आयसोसायनेट आणि हायड्रोजन सायनाइडसारखे विषारी वायू सुटतात. पिन व्हाइसने दोन मिनिटांत होणाऱ्या कामासाठी हे श्वासात घ्यायचं?

रुमालाचंही तेच. घासताना उडणारी पूड इतकी बारीक असते की रुमालातून आणि त्याच्या कडेने सहज आत जाते. एन-९५ मास्क नाकावर नीट बसवा आणि पॉलिश पेपर पाण्यात बुडवून ओलं घासा, म्हणजे पूड उडतच नाही. फडकंही ओलंच फिरवा. केरसुणीने झाडलं तर ती पुन्हा हवेत येते.

मेसेजमध्ये नाही, पण थ्री-डी प्रिंटरवर छापलेला मावळा कुठे चिकट लागत असेल तर नुसत्या हाताने धरू नका. ते अर्धकच्चं रेझिन आहे. त्याची ॲलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते. त्याचं धुतलेलं पाणी मोरीत ओतू नका, ते जलचरांना घातक असतं आणि आपल्या मोऱ्यांचं पाणी शेवटी मुठा नदीकडेच जातं. उथळ भांड्यात उन्हात ठेवा, रेझिन घट्ट होऊन पाणी आटलं की उरलेलं कचऱ्यात टाका.

ज्यांनी तो मेसेज पुढे पाठवलाय, त्यांना हात जोडून विनंती: बाकी काही बदलायचं नसेल तरी सुती मोज्यांची ओळ आजच्या आज काढा. सहामाही परीक्षा संपत आल्यात, मुलं पुढच्या आठवड्यात गोंद हातात घेतील.