पाटकरी कोण?

मामेभावाने परवा घरच्या ग्रुपवर जुनी मढी उकरली. २०२२च्या जानेवारीत मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांवरच्या सुपरमार्केटात वाइन विकायला मुभा दिली, अण्णा हजाऱ्यांनी उपोषणाचा इशारा दिला, आणि निर्णय पुढे बासनात गेला. तो टिकला असता तर आपल्याकडच्या पोरांनीही वाइनची द्राक्षं लावली असती, असं त्याचं म्हणणं. मावशीने लगेच सुनावलं, ‘आधी तुझ्या गावातली बाटली आडवी कर,’ म्हणजे मतदानाने दारूबंदी आण. तिसरा थेट नार-पार नद्यांचं पाणी वळवण्यावर गेला: ७,०१५ कोटींची योजना होऊ द्या, गिरणेला पाणी येऊ द्या, मग काय लावायचं ते लावा.

नेमकी त्याच संध्याकाळी मी पांढऱ्या वाइनचा एक ग्लास रिकामा करून घरी आले होते. ग्रुपवर तोंड उघडायची सोय नव्हती, म्हणून इथे लिहिते.

मी स्वित्झर्लंडच्या वालिस भागात, फिस्प गावात राहते. इथून पिवळी पोस्टाची बस वळणं घेत फिस्परटर्मिनेन या वरच्या गावाला चढते. त्या गावाच्या खाली डोंगरउतारावर द्राक्षांच्या पायऱ्या आहेत, समुद्रसपाटीपासून ६५० मीटरपासून ११५० मीटरपर्यंत. म्हणजे सगळ्यात वरची ओळ जवळपास आपल्या तोरणमाळाच्या उंचीला. एवढ्या थंड मुलखात द्राक्ष पिकतं कसं? उतार दक्षिणेकडे तोंड करून आहे, दिवसभर तापलेल्या दगडी बांधांची ऊब रात्री वेलींना मिळते, आणि फोन नावाचा कोरडा गरम वारा सुटतो. द्राक्षाचं नाव हायडा. १५८६च्या कागदपत्रात त्याचा उल्लेख आहे. काही जुन्या वेली तर कलम न केलेल्या, स्वतःच्याच मुळांवर उभ्या आहेत. आपल्याकडे द्राक्ष म्हटलं की डॉगरिज नावाच्या दुसऱ्या द्राक्षजातीच्या खुंटावर कलम हे गृहीतच असतं, त्यामुळे मला ते बघायलाच गंमत वाटली. खोड मनगटाएवढं, पिळलेलं, घोस मात्र मोजकेच. आमच्या रावेरकडच्या केळीवाल्याला दाखवलं तर तो म्हणेल, काढून टाका आणि टिश्यूची रोपं लावा. केळीत पीलबाग धरली, म्हणजे जुन्या झाडाच्या पिलांवर पुढचं पीक घेतलं, तरी खोडाचं वय ते किती!

चव सांगायची तर आधी मोसंबीची साल, मग थोडा मध, थोडं अक्रोड, आणि शेवटी जिभेच्या कडांना लागणारा आंबटपणा. तो थंड रात्रींचा. बाटलीची किंमत ऐकून मी मनातल्या मनात रुपयांत गुणाकार केला आणि तो विषय तिथेच सोडला.

पण मला खिळवून ठेवलं ते पाण्याने. वालिस भाग दोन्हीकडच्या डोंगरांमुळे पावसाला पारखा. म्हणून इथल्या लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी वरच्या ओढ्यांचं पाणी कड्याकड्याने पाट काढून आणलं. त्या पाटांना इथे सुओनेन म्हणतात. काही पाटांवर पाण्यावर फिरणारं छोटं चाक आणि त्याला लाकडी हातोडा असायचा. पाणी वाहतंय तोवर हातोडा ठक ठक वाजणार. आवाज थांबला की राखणदाराने समजायचं, कुठेतरी पाट फुटला. कुणाच्या वाट्याला किती तास पाणी, हे लाकडी काठीवर खाचा पाडून नोंदलेलं. संग्रहालयात ती काठी बघितली आणि मी मामाला व्हिडिओ कॉल लावला.

मामा साक्री तालुक्यातला, पांझरेकाठचा. त्याने काठी नीट बघितली, खाचा मोजल्या आणि पहिला प्रश्न विचारला: ‘तठे पाटकरी कोन शे वं माय?’ म्हणजे तिथे पाटाचं पाणी वाटणारा माणूस कोण आहे?

वाइनबद्दल त्याने विचारलंच नाही. कारण त्याच्या लहानपणी त्याच्या शिवारात फड होते. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटाखालची जमीन फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पुढच्या वर्षी पालट. पाणी फिरवायला पाटकरी, त्याच्यावर हवालदार, पीक राखायला जागल्या. तीन-चारशे वर्षं चाललेली रीत. मग वर धरणं झाली, प्रत्येकाने आपापली विहीर आणि मोटर बसवली, नि फड मोडले. मामाच्या बांधावर आज पाटाची नुसती खूण उरली आहे, तीही बाभळीत.

फडाचे गोडवे गाण्यात मला रस नाही. जागल्या कुठल्या जातीचा असायचा आणि त्याला धान्य किती मिळायचं, हे मामाही सांगतो. इथलंही सगळं पाटाच्या पुण्याईवर चाललेलं नाही. उतारावरच्या मळ्यांना सरकार पैसे देतं. माझ्याच कारखान्यातला एक सहकारी शिफ्ट संपवून वर वेली छाटायला जातो. नुसत्या द्राक्षांवर त्याचं घर चालणार नाही, हे तोच सांगतो. गावकऱ्यांनी सहकारी तत्त्वावर गावची वायनरी काढली म्हणून हे छोटे तुकडे टिकले. वाइनही बहुतेक याच देशात संपते, बाहेर फारशी जातच नाही.

म्हणून मामेभावाचं आणि तिसऱ्याचं, दोघांचंही गणित मला अर्धंच वाटतं. बाटली कुठल्या दुकानात ठेवायची आणि नदी कुठून वळवायची, यावर आपण दहा वर्षं भांडू शकतो. वळवलेलं पाणी गावात आल्यावर माझ्या शेताला आधी की तुझ्या, हे ठरवणारा माणूस कुठे आहे? २००५ साली पाणीवापर संस्थांचा कायदा झाला, कितीतरी गावांत संस्था कागदावरच राहिल्या. वालिसच्या पाटांसह युरोपातल्या पारंपरिक सिंचनाला २०२३मध्ये युनेस्कोने वारसा म्हणून मान दिला. पांझरेवरच्या फडाचं नाव मात्र आमच्या ग्रुपवर कुणी काढलेलं मला आठवत नाही.

मामाने काठीचा फोटो मागवला. ‘ग्रुपवर नको टाकू,’ म्हणाला, ‘तिथे परत दारूवरच जाईल.’