लाउन आपले कोण? काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका नमस्कार, उत्तराला चार दिवस लागले, घरात लग्न होतं. कमेंट तिखट होती पण वाचून सोडून द्यावी अशी नव्हती. बाकीच्यांसाठी सांगतो, बोस्टनचे हार्टचे डॉक्टर बर्नार्ड लाउन यांच्यावरच्या माझ्या लेखावर काकांचं म्हणणं असं, की हृदयाचा ताल जागेवर आणणारं शॉकचं मशीन (डिफिब्रिलेटर) बनवलं इंजिनिअरने आणि मी हार घातला डॉक्टरला, नोबेलची काळी बाजू मी गाळली, आणि घरचे डॉ. कोटणीस असताना सोलापूरच्या माणसाला बोस्टनच्या डॉक्टरचा एवढा पुळका कशाला.

मशीनचं मान्य. बारूक बर्कोविट्स या इंजिनिअरचं नाव यायलाच हवं होतं, चूक माझी. पण डॉक्टरचा वाटा शून्य नाही हो. त्याआधी शॉक एसी करंटचा द्यायचे. डीसी जास्त सुरक्षित आहे, आणि ठोक्याच्या एका नाजूक क्षणी शॉक बसला तर चालू हृदयच बिघडतं म्हणून तो क्षण चुकवून ईसीजीच्या तालावर द्यायचा, हे 1962 च्या सुमारास लाउननी दाखवून दिलं.

नोबेलचं जरा अवघड आहे. 1980 मध्ये लाउन आणि रशियाचे डॉ. चाझोव यांनी अणुयुद्धाविरुद्ध डॉक्टरांची आंतरराष्ट्रीय संघटना काढली, दोघंही हार्टचे डॉक्टर, दोघं मिळून तिचे अध्यक्ष, आणि 1985 चं शांततेचं नोबेल त्या संघटनेला मिळालं. याच चाझोवनी 1973 मध्ये, सोव्हिएत सरकारविरुद्ध बोलणारे शास्त्रज्ञ साखारोव यांचा निषेध करणाऱ्या पत्रावर सही केली होती, आणि नोबेलच्या वेळी साखारोव गॉर्की शहरात नजरकैदेत होते. हे मला माहीत होतं काका. लेखाची चव जाईल म्हणून गाळलं, खोटं कशाला बोलू. पण माझं मत विचाराल तर अणुबॉम्बबद्दल बोलायला समोरच्या बाजूचा, तिकडच्या सरकारात वजन असलेला माणूसच लागणार होता, आणि तसा माणूस धुतल्या तांदळासारखा कुठून मिळणार? ओस्लोच्या पत्रकार परिषदेत त्या सहीवरूनच चाझोवना धारेवर धरलं होतं, तेवढ्यात एक रशियन पत्रकार छातीला कळ येऊन कोसळला, आणि हे दोघं उठून त्याची छाती दाबायला लागले. वाचला तो. याने सही पुसली जात नाही, कबूल.

आता पुळका. आमच्या आजोबांना 68 साली अटॅक आला, मिलमध्ये होते ते. डॉक्टरांनी सहा आठवडे पाठीवर झोपवून ठेवलं, कुशीवर वळायचं तरी आजीला विचारून, लघवीसुद्धा अंथरुणातच. आजी सांगायची, भोंगा झाला की ते पाय हलवायचे, ड्युटीला निघाल्यासारखे. डॉक्टरांना नाव ठेवत नाही, तेव्हा बहुतेक ठिकाणी हीच पद्धत होती. पण 1952 मध्येच तरुण लाउन आणि त्यांचे गुरू सॅम्युएल लेव्हिन यांनी 81 पेशंट आरामखुर्चीत बसवून त्यावर पेपर छापला होता! लोकांना वाटलं माणसं मारतायत हे. झालं उलटंच, कारण सतत आडवं पडून पायात रक्ताच्या गाठी होतात, त्या फुफ्फुसात जाऊन अडकतात आणि अटॅकमधून वाचलेला माणूस त्याने जातो. आजोबा वाचले पण खचून उठले, पुन्हा मिलची पायरी चढले नाहीत. त्यात झोपवून ठेवण्याचा हात किती ते कोण सांगणार, पण खुर्चीची गोष्ट वाचली तेव्हा मला पहिल्यांदा आठवले ते आजोबाच. मशीन नाही, नोबेल नाही, घरात असतेच अशी एक साधी खुर्ची बे!

कोटणीसांचं म्हणाल तर भैय्या चौकातून जाताना त्यांच्या स्मारकाकडे अजून मान वळते. पण काका, ते 1938 ला चीनला गेले आणि 1942 ला बत्तिसाव्या वर्षी तिकडेच वारले, ज्या हॉस्पिटलचे प्रमुख होते त्याला नाव बेथ्यून या कॅनडाच्या डॉक्टरचं, पेशंट सगळे चिनी. त्यांना 'आपले कोण' विचारलं असतं तर काय उत्तर मिळालं असतं?

लेखात बर्कोविट्स आणि ती सही दोन्ही टाकलंय, परत एकदा बघा. आणि तुमच्या वडिलांकडून कोटणीसांच्या घराबद्दल ऐकलंय असं तुम्ही ओझरतं लिहिलंय, ते सविस्तर लिहून पाठवा ना, तुमच्या नावाने लावतो.