‘सासूबाईंना कधी नेलं होतंत का?’ या प्रतिक्रियेला उत्तर

‘एक जुना वाचक’ या नावाने मागच्या लेखाखाली आलेली प्रतिक्रिया मी काल रात्री तीनदा वाचली. दोन ओळींत आभार मानून विषय संपव, असं घरातून सांगण्यात आलं. मला ते जमलं नाही, म्हणून हे वेगळं लिहिते आहे.

मागचा लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आमची खारी, साडेसहा वर्षांची देशी कुत्री, गेल्या पावसाळ्यात अचानक अंगावर यायला लागली. दिवाणावर पहुडलेली असताना कुणी नुसतं जवळून गेलं तरी गुरगुरायची. ऑगस्टमध्ये तिने माझ्या भाच्याच्या मनगटाला दात लावले. त्याआधी नेहमीचे डॉक्टर झाले होते, मग एक ट्रेनर झाला होता, आणि शेवटी आम्ही प्राण्यांच्या वर्तनाचा खास अभ्यास केलेल्या पशुवैद्याकडे गेलो.

त्यावर या वाचकांचं म्हणणं असं: कुत्र्याला मानसोपचारतज्ज्ञ ही पैसेवाल्यांची थेरं आहेत. फी किती झाली ते मी लपवलं. गोळ्या देऊन मुक्या जनावराला गुंगीत ठेवलं. सरकारी इस्पितळात माणसाला खाट मिळत नाही आणि इथे कुत्र्याची कौतुकं चालली आहेत. त्यांचा आठ वर्षांचा लॅब्रॅडॉर हल्ली जेवताना गुरगुरतो, तर दोन रट्टे दिले की गप्प बसतो; त्यालाही आमच्या तज्ज्ञाकडे पाठवू का, असं त्यांनी विचारलंय. आणि या सगळ्याच्या मधोमध एक वाक्य आहे: ‘स्वतःच्या सासूबाईंना कधी इतक्या तज्ज्ञांकडे नेलं होतंत का?’

आधी जे तुमचं बरोबर आहे ते मान्य करते. ‘मानसोपचारतज्ज्ञ’ हा शब्द मी शीर्षकात वापरायला नको होता. त्या पशुवैद्य आहेत, प्राण्यांचं वर्तन हा त्यांचा खास विषय. शीर्षक मी काल रात्रीच बदललं. फीचा आकडाही द्यायला हवा होता. पहिल्या भेटीचे २,८०० रुपये झाले, एक्स-रे आणि रक्ततपासणी वेगळी. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं, लिहायचं राहून गेलं.

आता त्या वाक्याबद्दल.

सासूबाई गेल्या तेव्हा मी इथेच लिहिलं होतं. तुम्ही खरंच जुने वाचक असाल तर ते तुम्ही वाचलेलं आहे. म्हणजे त्या या जगात नाहीत हे माहीत असताना तुम्ही हे वाक्य लिहिलंत. लिहिताना तुमचा हात अडखळला नाही का? मतभेद असू द्या, माझा सगळा लेख चुकीचा आहे म्हणा, मी वाचून घेईन. पण एखाद्याच्या घरातलं गेलेलं माणूस वादात ओढायचं, ही कुठली रीत?

तरी विचारलंच आहेत, तर सांगते. हो, नेलं होतं. पाच आठवडे उशिरा नेलं होतं.

सासूबाई अकरा वर्षं आमच्याजवळ होत्या. एवढ्या वर्षांत त्यांचा चढलेला आवाज मी ऐकला नव्हता. २०१६च्या दिवाळीनंतर त्या बदलल्या. कामाला येणाऱ्या मावशींनी बोरमाळ चोरली, असं त्यांच्या तोंडावर म्हणायला लागल्या. रात्री दोन वाजता पातळ नीट करून दाराशी जाऊन उभ्या राहायच्या आणि ‘मला ठाण्याला सोडा’ म्हणायच्या. ठाण्याचं त्यांचं घर विकून तेव्हा नऊ वर्षं झाली होती. घरात सगळ्यांनी एकच निदान केलं: वय झालं. नणंद म्हणाली, आईचा मूळ स्वभाव आता बाहेर येतोय. आणि मी, जी दिवसभर बँकेत अनोळखी म्हाताऱ्यांशी गोड बोलते, ती एका रात्री त्यांच्यावर ओरडले. त्या गप्प झाल्या. गप्प झाल्या म्हणजे माझा उपाय लागू पडला, असं मला वाटलं.

एका दुपारी जेवताना त्यांच्या हातातला घास पडला आणि तो पडलाय हे त्यांना कळलंच नाही. तेव्हा कुठे आम्ही रक्त तपासलं. सोडियम ११८ होतं. ते १३५ ते १४५ असावं लागतं. शिवाय लघवीत जंतुसंसर्ग होता. म्हाताऱ्या माणसांत लघवीचा संसर्ग कधी कधी ताप न आणता डोक्यात गोंधळ आणतो, हे मला त्या दिवशी कळलं. पाच दिवस त्या दवाखान्यात होत्या. सहाव्या दिवशी घरी आल्या आणि पहिलं काय विचारलं, तर मावशींना चहा दिलास का? बोरमाळ कपाटातल्या त्यांच्याच पिशवीत होती. त्यानंतर त्या तीन वर्षं छान जगल्या.

तिथल्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, हे केव्हापासून? मला तारीख सांगता आली नाही. त्या प्रश्नासमोर मी जशी उभी होते, तशी पुन्हा कुणासमोर उभी राहायची नाही असं मी ठरवलं होतं. म्हणून जूनमध्ये खारी पहिल्यांदा गुरगुरली तेव्हा मी कॅलेंडरवर खूण केली. दुधाच्या खाड्यांशेजारी खारीच्या खुणा. वर्तनतज्ज्ञ डॉक्टरांनीही पहिलं तेच विचारलं, हे केव्हापासून? मी ती पानं त्यांच्यासमोर ठेवली. तुम्ही ज्याला थेरं म्हणता ती मी सासूबाईंकडून शिकले. तेव्हा त्यांचं नाव घेऊन मला लाजवायला निघाला असाल तर चुकीचं दार ठोठावलंत.

त्या पानांवरून काय दिसलं तेही सांगते, कारण मागच्या लेखात मी ते घाईत उरकलं होतं. सगळ्या खुणा जूनच्या दुसऱ्या आठवड्यानंतरच्या होत्या. आमच्या इमारतीची लिफ्ट तेव्हा बंद पडली ती गणपतीपर्यंत बंदच होती, आणि खारी दिवसातून तीन वेळा चार मजले चढत-उतरत होती. डॉक्टरांनी दीड तास नुसते प्रश्न विचारले. झोपेतून उठते कशी, अंग झटकते का, जिन्यात मध्येच थांबते का, जवळ येणारा माणूस तिला हात लावतो की नुसता पुढे जातो. मग मी फोनवर काढलेले व्हिडिओ त्यांनी पाहिले. एक व्हिडिओ त्यांनी चार वेळा मागे नेऊन पाहिला. खारी पुढचे पाय टेकवून अर्धी उठते, तशीच क्षणभर बसून राहते, आणि मग मागचं धड उजवीकडे ओढून घेत उभी राहते. सहा वर्षं तिला रोज उठताना पाहिलं आणि हे ‘क्षणभर’ माझ्या नजरेतून सुटलं होतं. डाव्या खुब्यावरचे तिचे फिकट केस चहाच्या डागासारखे तांबूस झाले होते. मी त्याला पावसाळ्यातला चिखल समजून पुसत होते. ते सतत चाटल्याने, लाळेने रंगले होते. एक्स-रेमध्ये डाव्या खुब्याचा सांधा झिजलेला दिसला. भाच्याने त्या दिवशी तिला दिवाणावर कमरेशी घट्ट मिठी मारली होती.

नेहमीच्या डॉक्टरांकडे हे का सापडलं नाही, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण बऱ्याच जणांनी विचारलं. घाबरलेलं जनावर दवाखान्यात सहसा लंगडत नाही, ते अंग चोरून उभं राहतं. त्यासाठीच घरचे व्हिडिओ लागतात. आणि खारीचं काही जगावेगळं नाही. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठाचे डॅनियल मिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये एक शोधनिबंध लिहिला. वर्तनाच्या तक्रारीसाठी तज्ज्ञांकडे आणलेल्या कुत्र्या-मांजरांपैकी निदान एक तृतीयांश जनावरांना कुठलं तरी दुखणं असतं, काही ठिकाणी हे प्रमाण ८० टक्क्यांच्या जवळ जातं, असं त्यांनी त्यात मांडलंय. मांजर अचानक गादीवर मुतायला लागलं तर ते सूड उगवत नसतं, आधी त्याचं मूत्राशय तपासायचं असतं.

गोळ्यांबद्दल फार लिहीत नाही, कारण तुम्ही मूळ लेखातला तो परिच्छेद वाचलेला दिसत नाही. खारीला सांध्याचं वेदनाशामक सुरू आहे आणि भीती कमी व्हावी म्हणून फ्लुओक्सेटिन. ती गुंगीची गोळी नाही. तिचा परिणाम दिसायलाच चार ते सहा आठवडे लागतात, आणि ती एकदम बंद करायची नसते. एकट्याने राहण्याच्या भीतीवर कुत्र्यांसाठी म्हणून या औषधाला अमेरिकेत २००७ मध्ये मान्यता मिळाली. खारी दुपारी गॅलरीतून कावळ्यांवर भुंकते, पिशवीचा आवाज आला की दाराशी पळते. गुंगीतली कुत्री अशी वागत नाही.

इस्पितळातल्या खाटांबद्दल: माझ्या कुत्रीने कुणाची खाट अडवलेली नाही. आणि ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’ असंही तुम्ही लिहिलंय. परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे. माझं बालपण लालबागच्या चाळीत गेलं, माझे वडील गिरणीत बदली कामगार होते, त्यामुळे ‘पैसेवाले’ हा शब्द तर मला लावूच नका.

राहता राहिले रट्टे. इथे मी चिडून लिहीत नाही, कळकळीने लिहिते आहे, एवढं समजून घ्या.

आमच्याकडे आलेला ट्रेनरही तेच म्हणाला होता. कुत्री डोक्यावर बसली आहे, तुम्ही कळपाचे अल्फा, म्हणजे म्होरके व्हा. त्याने गळ्यात साखळी घालून दोन झटके दिले. खारीची गुरगुर त्याच संध्याकाळी थांबली आणि आम्ही खूश होऊन त्याचे पैसे दिले. भाच्याचं मनगट त्यानंतर नवव्या दिवशी. त्या दिवशी ती गुरगुरली नाही. दात दाखवले नाहीत. सरळ चावली. सासूबाई गप्प झाल्या होत्या, तशीच तीही गप्प झाली होती, आणि मी दोन्ही वेळा त्याचा एकच अर्थ लावला. ते अल्फाचं खूळही बंदिस्त लांडग्यांवरून आलेलं. १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांची भांडणं पाहून ते लिहिलं. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी १९७० मध्ये आपल्या पुस्तकातून ते लोकप्रिय केलं, आणि १९९९ मध्ये त्यांनीच सांगितलं की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पिल्लं. तिथे गादीसाठी मारामाऱ्या चालत नाहीत.

म्हणून तुमच्या लॅब्रॅडॉरबद्दल. तुम्ही टोमणा म्हणून विचारलंत, मी खरोखरचं उत्तर देते. हो, पाठवा. माझ्याच डॉक्टरांकडे असं नाही, पण पशुवैद्याकडे याच आठवड्यात न्या. आठ वर्षांचा कुत्रा, आजवर कधी गुरगुरला नाही, आणि आता फक्त जेवताना गुरगुरतो. त्याचं तोंड बघायला सांगा. हिरड्या, मागच्या दाढा, एखादी तुटलेली दाढ. मान खाली घालून खाताना मान किंवा खांदा दुखतो का, तेही बघायला सांगा. जाण्याआधी दोन-तीन जेवणांचे व्हिडिओ काढा, लांबून. तो एकाच बाजूने चावतो का, घास तोंडातून पडतो का, वाटीपाशी येऊन मागे फिरतो का. घरातली आपली दुखण्याची गोळी त्याला देऊ नका. आयबुप्रोफेन कुत्र्यांना विषासारखी बाधते.

आणि रट्टे आजपासून बंद करा. तो गप्प बसतो म्हणजे त्याचं दुखायचं थांबलंय असं नाही, त्याने सांगायचं सोडलंय. प्रतिक्रियेच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की तीन वर्षांचा नातू दिवसभर त्याच्या अंगाखांद्यावर खेळतो. ते वाक्य वाचल्यावर मला बाकीच्या प्रतिक्रियेचा राग धरवेना. आज रात्रीपासून कुत्र्याचं जेवण वेगळ्या खोलीत, दाराला कडी लावून. नातू त्या वेळी दुसऱ्या खोलीत, आणि त्याच्याजवळ एक मोठं माणूस. डॉक्टर काय म्हणाले ते मला कळवा, नाव न देता कळवलंत तरी चालेल.