सर्दीवर अँटिबायोटिक घ्यायला सांगणारा तो मेसेज

मावशीला चार दिवस सर्दी. ताप नाही, घसा जरासा धरलेला. काल भेटायला गेले तर उशाशी अँटिबायोटिकची पट्टी, मागच्या आजारपणातली उरलेली. सहा गोळ्या घेऊन झालेल्या. कुणी सांगितलं म्हणून विचारलं, तर तिने मोबाइल पुढे केला. मेसेज असा: ‘जंतू म्हणजे जंतू. व्हायरस, बॅक्टेरिया, बुरशी ही नुसती नावं. सर्दी झाली की लगेच अँटिबायोटिक घ्या, बरं वाटताच बंद करा, नाहीतर शरीराला सवय लागते. शरीर जंतुमुक्त ठेवा.’ मलाही हा तीनदा आलाय. दोनदा सोडून दिला, आता नाही.

‘जंतू म्हणजे जंतू’ हे साफ खोटं आहे आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. बॅक्टेरिया म्हणजे स्वतंत्र जिवंत पेशी. तिला भिंत असते, स्वतःची प्रथिनं ती स्वतः बनवते, एकीच्या दोन होते, आतड्यातल्या ई. कोलाय या बॅक्टेरियाला परिस्थिती अनुकूल असली तर वीसेक मिनिटं पुरतात. पेनिसिलिन हे अँटिबायोटिक त्या भिंतीचं बांधकामच अडवतं. भिंत कच्ची राहते आणि वाढती पेशी आतल्या दाबाने फुटते. आपल्या पेशींना अशी भिंत नसते, म्हणून त्या वाचतात. व्हायरसलाही ती नसते. प्रथिनांच्या वेष्टनातली जनुकं, काहींवर वर एक पातळ आवरण, एवढाच त्याचा संसार. आपल्या पेशीत शिरतो आणि तिलाच राबवून स्वतःच्या प्रती काढून घेतो. मग गोळीने नेमकं काय मोडायचं? सर्दी व्हायरसने होते. मावशीच्या सहा गोळ्यांनी सर्दीचं काहीच वाकडं केलं नाही, पोट मात्र बिघडवलं. परवापासून जुलाब चालू आहेत.

बुरशीची पेशी तर रचनेने आपल्या पेशीच्या जवळची. तिची औषधं निराळीच. पेनिसिलिन मुळात एका बुरशीतूनच मिळालं.

सवय शरीराला लागत नाही. बॅक्टेरियांच्या गर्दीत एखाद-दुसरा औषधाला दाद न देणारा असतो. बाकीचे मेले की त्याला रान मोकळं मिळतं. काही बॅक्टेरिया तर पेनिसिलिनचे तुकडे करणारं विकर (एन्झाइम) बनवतात आणि त्याचं जनुक शेजाऱ्यालाही देतात. अपुऱ्या मात्रेचा हा धोका खुद्द पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945च्या नोबेल व्याख्यानात सांगितला होता. 2022 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासाचा अंदाज असा, की औषधांना न जुमानणाऱ्या बॅक्टेरियांमुळे 2019 या एका वर्षात जगात सुमारे 12.7 लाख माणसं दगावली. गोळ्या किती दिवस घ्यायच्या हे डॉक्टर ठरवतात, ‘बरं वाटलं’ हे माप नव्हे.

एक मान्य करते. फ्लूमागोमाग कधीकधी फुप्फुसात बॅक्टेरियाचा संसर्ग होतो आणि तेव्हा अँटिबायोटिक लागतंच. पण ते तपासून, उशाशी सापडलं म्हणून नाही.

‘जंतुमुक्त शरीर’ असं काही नसतं. आपल्या अंगात अंदाजे 38 लाख कोटी बॅक्टेरिया नांदतात, आपल्या स्वतःच्या पेशींच्या तोडीस तोड.

मावशीच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी गोळ्या लगेच थांबवायला सांगितल्या. पट्टीत चार उरल्यात. “असू दे गं, पुढच्या वेळी होतील,” मावशी म्हणाली. मी पट्टी पर्समध्ये टाकली.