आर३६ आलेली नाही! लोकांना फसवणं बंद करा

आलेली नाही. निस्सान या जपानी कंपनीच्या जीटी-आर या स्पोर्ट्स कारची पुढची पिढी, जिला सगळे आतापासूनच आर३६ म्हणतात, ती आलेली नाही. कंपनीनं तिचं चित्र दाखवलेलं नाही, इंजिन सांगितलेलं नाही, तारीख दिलेली नाही. किंमत तर लांबच राहिली. तरी रोज फोन उघडला की कुणीतरी ती लाँच करून मोकळा झालेला असतो. व्हिडिओच्या चित्रावर लाल बाण, डोळे फाडलेला चेहरा, 'अखेर आली!!!' अशी तीन तीन उद्गारचिन्हं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, हा प्रकार किती दिवस सहन करायचा?

आणि त्या व्हिडिओत असतं काय? दहा-बारा मिनिटं आधीच्याच पिढीचे, म्हणजे आर३५चे, इकडून तिकडून उचललेले शॉट, मागे धडधडणारं संगीत, आणि एक आवाज जो दर वाक्याला 'सूत्रांच्या माहितीनुसार' म्हणतो. कुठली सूत्रं? नाव नाही, गाव नाही. शेवटी काय, तर 'तुम्हाला काय वाटतं, कॉमेंटमध्ये नक्की सांगा'. अरे, मला काय वाटतं ते मला माहीत आहे! तुला काय माहीत आहे ते सांग ना! माहीत काहीच नाही, म्हणून तर उचलली जीभ लावली टाळ्याला.

चित्रांनी तर डोकंच फिरतं. परवा ग्रुपवर आलेला एक 'लीक झालेला फोटो' मी बोटांनी मोठा करून नीट पाहिला. मागचे चार गोल दिवे ही या गाडीची खूण, सत्तरच्या दशकातल्या स्कायलाइनपासून, म्हणजे जिच्यातून जीटी-आर निघाली त्या निस्सानच्याच गाडीपासून, चालत आलेली. या फोटोत डावीकडे दोन दिवे आणि उजवीकडे अडीच. तिसरा बंपरच्या कडेत विरघळून गेलेला. पुढच्या चाकाला पाच नट, मागच्याला सात. नंबर प्लेटवर जपानी वाटाव्यात अशा नुसत्या रेघोट्या. मथळा म्हणतो गाडी पूर्ण इलेक्ट्रिक आहे, आणि खाली सायलेन्सरची चार जाडजूड नळकांडी! एआयला दोन ओळी लिहून काढलेलं चित्र आहे हे शेंबडं पोरही सांगेल. पण खाली माणसं विचारताहेत, 'बुकिंग कधी सुरू?' त्यांचा नाही, मला हे चित्र टाकणाऱ्याचा राग येतो. त्याला ठाऊक आहे की हे खोटं आहे.

या सगळ्या वावड्यांचं मूळ एकच. ऑक्टोबर २०२३ मध्ये टोकियोच्या जपान मोबिलिटी शोमध्ये निस्साननं हायपर फोर्स नावाची कॉन्सेप्ट गाडी, म्हणजे विकायची नव्हे तर नुसती दाखवायची गाडी, मांडली. १,००० किलोवॅट ताकद, म्हणजे तेराशेहून जास्त हॉर्सपॉवर, आणि ऑल-सॉलिड-स्टेट बॅटरी, म्हणजे आत द्रवाऐवजी घन पदार्थ असलेली. ड्रायव्हिंगचे 'आर' आणि 'जीटी' असे दोन मोड देऊन कंपनीनं इशारा जरूर केला, पण गाडीला जीटी-आर हे नाव दिलं नाही. आणि ती बॅटरी? ती निस्साननं विकलेल्या एकाही गाडीत अजून नाही. योकोहामात ती बनवून बघायची छोटी पायलट लाइन उभारली आणि २०२८च्या आर्थिक वर्षाचं उद्दिष्ट ठेवलं, एवढंच. म्हणजे जी बॅटरी अजून विकायला तयार नाही, तिच्यावर चालणारी कॉन्सेप्ट, तिचे आकडे उचलायचे आणि 'आर३६ कन्फर्म' म्हणून खपवायचे. याला बातमी म्हणतात?

माझा भाचा अकरावीत आहे, गाड्यांचं वेड मामाकडूनच गेलेलं. मध्ये म्हणाला, "मामा, आर३६ तेराशे हॉर्सपॉवरची आहे ना?" फोनच्या वॉलपेपरवर तेच अडीच दिव्यांचं भूत. मी त्याला विचारलं, याच गाडीच्या जुन्या पिढीनं, आर३२नं, काय केलं माहीत आहे का? नव्हतं माहीत. १९८९ साली आलेली आर३२, २.६ लिटरचं ट्विन-टर्बो आरबी२६ इंजिन, चारही चाकांना हिशेबानं ताकद वाटणारी अटेसा प्रणाली. जपानच्या टूरिंग कार स्पर्धेत १९९० ते १९९३ या काळात २९ शर्यती धावली आणि २९ जिंकली. १९९१ आणि १९९२ला ऑस्ट्रेलियातली बाथर्स्टची मोठी शर्यत मारली. 'गॉडझिला' हे नाव ऑस्ट्रेलियातल्याच एका मासिकानं दिलं. हे सगळं खरं आहे, घडलेलं आहे. आणि पोराच्या डोक्यात काय भरलंय, तर नसलेल्या गाडीचे नसलेले आकडे. माझा संताप इथे आहे. खोट्यानं खऱ्याची जागा खाल्ली आहे.

खरी गोष्ट कुणाला सांगायचीच नाही. २६ ऑगस्ट २०२५ला तोचिगीच्या कारखान्यातून शेवटची आर३५ बाहेर पडली. मिडनाइट पर्पल रंगाची, जपानमधल्याच एका ग्राहकासाठी. २००७पासून अठरा वर्षं, सुमारे ४८,००० गाड्या. योकोहामात एका बंदिस्त, धूळ नसलेल्या खोलीत एकेक इंजिन एकेका कारागिराच्या हातानं जुळायचं. त्या कारागिरांना तिथे ताकुमी म्हणतात, आणि अठरा वर्षांत असे ताकुमी होते अवघे नऊ. सगळी इंजिनं या नऊ माणसांच्या हातची! बॉनेट उघडलं की इंजिनावर छोटी धातूची पाटी, तिच्यावर ते जुळवणाऱ्याचं नाव. ४८० हॉर्सपॉवरला सुरुवात झाली, निस्मो या सर्वांत तिखट आवृत्तीत ६००पर्यंत गेली. २०१३मध्ये जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग ट्रॅकची फेरी ७ मिनिटं ८.६७९ सेकंदांत मारली. अशी गाडी संपली त्या दिवशी दोन शब्द मनापासून लिहावेत की नाही? छे! त्याच संध्याकाळी माझ्या फीडवर 'आर३५ बंद, आर३६ची तारीख ठरली'. मेलेल्या माणसाच्या तेराव्याचीही वाट बघत नाहीत हे लोक.

आणि त्याच दिवशी निस्सानचे प्रमुख इव्हान एस्पिनोसा स्पष्ट बोलले होते. जीटी-आरला हा कायमचा निरोप नाही, पण आज पक्की अशी काही योजना ठरलेली नाही, धीर धरा. झालं. यापलीकडे त्या दिवशी कुणाच्या हातात पक्कं असं काही नव्हतं. 'निरोप नाही' तेवढं उचललं आणि 'योजना ठरलेली नाही' हे सरळ गिळून टाकलं. याला चूक म्हणत नाहीत, ही लबाडी आहे.

योजना का ठरलेली नव्हती तेही सांगा ना एकदा! मार्च २०२५ला संपलेल्या वर्षात कंपनीचा तोटा जवळपास ६७१ अब्ज येन. वीस हजार नोकऱ्या कमी करायच्या, सतरा कारखान्यांचे दहा करायचे असं जाहीर झालं. १९६१पासून चालत आलेल्या ओप्पामा कारखान्यातलं गाड्यांचं उत्पादन थांबवायचं ठरलं. होंडाबरोबरच्या विलीनीकरणाची बोलणी फेब्रुवारी २०२५मध्ये फिसकटली. ज्या घरात हजारो माणसांच्या पगाराचा प्रश्न आहे, तिथे दोन दरवाज्यांची महागडी गाडी पहिल्या कागदावर असेल का? शिवाय नियमांची कात्री वेगळीच. युरोपात आवाजाच्या नियमांनी आर३५ आधीच गेली, ऑस्ट्रेलियात बाजूच्या धडकेच्या नियमांनी. पुढच्या गाडीला हे सगळं पार करून वर जीटी-आर म्हणून शोभायचं आहे. हा विषय किती मोठा आहे! यावर तासभर बोललं तर मी जेवण सोडून ऐकेन.

बरं, घाई तरी कसली? या गाडीचा इतिहासच वाट बघण्याचा आहे. १९७३ची जीटी-आर, जिला केनमेरी म्हणतात, फक्त १९७ बनली, आणि पुढची जीटी-आर थेट १९८९ला. सोळा वर्षं! आर३५च्या वेळी तर कंपनीनं स्वतः २००१ला कॉन्सेप्ट दाखवली, २००५ला प्रोटो, म्हणजे जवळपास तयार नमुना, दाखवली, आणि खरी गाडी २००७ला आली. कंपनी स्वतः हो म्हणत होती तेव्हाही सहा वर्षं लागली. या वेळी तर ऑगस्ट २०२५मध्ये कंपनीच्या प्रमुखानंच पक्की योजना नाही म्हणून सांगितलं, आणि इथले पठ्ठे 'आर३६ची भारतातली किंमत' सांगून मोकळे. आर३५ इथे डिसेंबर २०१६मध्ये १.९९ कोटींना आली होती. त्यात मनाला येईल ती भर घालायची, झाली नवी किंमत तयार. पोरखेळ आहे सगळा.

अंदाज बांधायला माझी ना नाही. कट्ट्यावर आम्हीही बांधतो. व्ही६ राहील का, हायब्रिड होईल का, वजन किती वाढेल, यावर रात्र रात्र भांडतो. पण भांडताना प्रत्येकजण 'मला वाटतं' म्हणतो. या लोकांना 'मला वाटतं' हे दोन शब्द लिहायला काय होतं? व्ह्यूज कमी होतात, बास. तेवढ्यासाठी लाखो पोरांना रोज उल्लू बनवायचं.

मी आता असली चॅनेलं दिसतील तशी ब्लॉक करतोय. आणि ग्रुपवर 'आली आली' म्हणून पाठवणाऱ्या प्रत्येकाला सांगतोय : कंपनीच्या निवेदनाची लिंक टाक, नाहीतर पोस्ट काढ. राग आला तर येऊ दे.